दानम्माची चाल

गडमुडशिंगीत चनबसाप्पा हुक्केऱ्यांची पिठाची गिरणी आणि माझं शिलाईचं दुकान यांची मधली भिंत एकच. गिरणी सुरू झाली की माझ्या टेबलावरची कात्री थरथरायची. एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, दळप चालू असताना लाईट गेली. पट्टा गरगरत हळूहळू थांबला. गिरणी बंद पडली, पण आतून एक आवाज चालूच राहिला.

ट्रम्पेटचा.

दारात ज्वारीचे डबे घेऊन सात-आठ बायका उभ्या होत्या. त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. मी हातातला कपडा तसाच टाकून बाहेर आलो. आवाज दोन क्षण उंच चढला आणि मध्येच तुटला. आत चनबसाप्पाची बायको दानम्मा सोडून दुसरं कुणीच नव्हतं. चनबसाप्पा तर आमच्याबरोबरच उंबऱ्यावर उभा, भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या, तोंड उघडं.

तो आत गेला, त्याच्यामागं आम्ही. मागच्या खोलीत पोत्यांच्या थप्पीमागं दानम्मा बसली होती. पदराखाली काहीतरी झाकलं होतं, पण पितळेचा भोंगा बाहेर चमकत होता.

"किती दिस वाजवतीयास हे?" चनबसाप्पानं विचारलं.

"लगीन झाल्यापासनं."

"आणि मला कसं कळलं न्हाय?"

"तुमच्या गिरणीचा आवाज केवढा हाय!"

तिचा बाप निपाणीच्या पलीकडच्या एका गावात मठाच्या पालखीपुढं ट्रम्पेट वाजवायचा. पोटी मुलगा नाही, म्हणून त्यानं विद्या पोरीला दिली. लग्नात तिनं ट्रम्पेट ट्रंकेच्या तळाशी घालून आणलं, आणि गिरणी चालू असेल तेवढाच वेळ ते बाहेर काढलं. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली होती. भिंतीला भिंत लावून बसणाऱ्या मलासुद्धा पत्ता नव्हता.

आम्हाला वाटलं, आता हा माणूस बोंब मारणार. चनबसाप्पा पोत्यावर टेकला, घाम पुसला आणि म्हणाला, "मग थांबलीस कशापाय? लाईट गेलीया. तुझं काय गेलंय?"

तिनं वाजवलं. मी लग्नाच्या वराती पुष्कळ बघितल्या होत्या, शहरातले नावाजलेले बँड ऐकले होते. असं काही ऐकलं नव्हतं. डब्यांची रांग लाईट आली तरी पुढं सरकली नाही.

वर्ष-दीड वर्षात बायकांचा बँड उभा राहिला. अरुणा मगदूम म्हणून जैनांच्या घरातली सून होती, कोडोलीच्या शाळेत असताना बासरी वाजवलेली. तिनं क्लॅरोनेट धरलं. भाजी विकणाऱ्या शालूबाईनं ढोल गळ्यात अडकवला. बाकीच्याही अशाच गल्लीतल्या. नाव ठेवलं अक्कमहादेवी महिला बँड. गणवेश शिवायचं काम माझ्याकडं आलं. मी म्हटलं, लुगड्यावरच कोट शिवूया. दानम्मा म्हणाली, "आण्णा, तुमी एकदा लुगडं नेसून ढोल गळ्यात घाला आणि चालून दावा." मुकाट्यानं पँटची मापं घेतली.

पहिली वरात कोडोलीला. मी सोबत गेलतो, कारण एका कोटाचं अस्तर ऐनवेळी उसवलं होतं. नवऱ्याचा मामा टेम्पोजवळ आला, आत डोकावला, मागं फिरला, पुन्हा आला.

"पावणं, बँड कुठं हाय? ह्या तर बायका हाईत!"

"बँड म्हंजे ह्याच," चनबसाप्पा म्हणाला.

मामानं पुन्हा टेम्पोत डोकावून बघितलं. तेवढ्यात दानम्मानं पहिला सूर लावला. त्या दिवशी वाजली ती तिची स्वतःची चाल. गिरणीच्या पट्ट्याचा जो ठेका तिच्या कानात बसला होता, त्यावरच ती बांधलेली. आम्ही तिला गिरणीची चालच म्हणायचो. शेवटाकडं ट्रम्पेट एक अशी मुरड घ्यायचं, की माणूस चालता चालता थबकायचा. कोडोलीच्या आळीत घराघरांतून म्हाताऱ्या बाहेर आल्या. वरातीत कधी पाऊल न टाकलेल्या बायका नाचल्या. मामा शेवटपर्यंत बाजूला उभा होता, डोकं धरून. चांगल्या अर्थानं की वाईट, ते मला सांगता आलं नाही.

तरी बँड चालला असं म्हणता येणार नाही. कौतुक रग्गड झालं. हळदीकुंकू, महिला मेळावा, शाळेचं गॅदरिंग, तिथं बोलावणी यायची. नारळ मिळायचा, टाळ्या मिळायच्या. मोठ्या लग्नाची सुपारी मात्र शहरातल्या पुरुषांच्या, बापय बँडला. लोक तोंडावर सांगायचे, "झकास वाजवता हो तुमी. पण वरात म्हंजे जरा घराण्याचा प्रश्न असतो की." शालूबाई अशांना भर रस्त्यात शिव्या घालायची. दानम्मा ट्रम्पेट पुसत राहायची.

मग सत्त्याण्णव साली पिक्चर आला.

शूटिंगची माणसं गावं बघत फिरत होती, आणि दिग्दर्शकानं मलकापूरच्या एका लग्नात हा बँड ऐकला. त्याला गिरणीची चालच हवी होती. एका हॉलमध्ये सगळ्याजणींना नेऊन चाल रेकॉर्ड केली. आठवड्यानं नदीकाठच्या एका गल्लीत कॅमेरा लावून त्यांना सकाळभर चालवलं, वाजवायला लावलं. मी कोटांना नव्या सोनेरी फिती लावून दिल्या होत्या. कॅमेऱ्यामागचा एकजण म्हणाला, "व्वा, काय रंग दिसतोय!" आठ दिवस मी गावात मान वर करून हिंडलो.

पिक्चर लागला तेव्हा सगळी गल्ली कोल्हापूरला गेली. बँडच्या बाया गणवेशातच आल्या होत्या. खेळ सुटल्यावर थेटराच्या अंगणात वाजवायचं ठरलं होतं, म्हणून वाद्यं टेम्पोत. चनबसाप्पानं गिरणी बंद ठेवली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं तो ज्याला त्याला सांगत होता.

इंटरव्हलच्या थोडं आधी वरातीचा सीन आला. पडद्यावर अजून नुसतं गल्लीचं टोक दिसत होतं, आणि आधी आवाज आला. दानम्माचं ट्रम्पेट! आमच्या रांगांमधून शिट्ट्या उठल्या. शालूबाईनं पुढच्या खुर्चीवर थापा मारायला सुरुवात केली.

मग वरात पुढं आली. बँडमध्ये सगळे बापय होते.

जाड मिश्यांचे, लाल कोटातले बापय. गाल फुगवून, माना हलवून वाजवत होते, आणि त्यांच्यातून आमच्या बायकांचा आवाज येत होता. शिट्ट्या हवेतच विरल्या. मला आधी वाटलं, हे पुढं असतील, आपल्या बायका मागनं येतील. वरात वळली, नवरा उतरला, ओवाळून झालं. आमची एकही बाई कुठं दिसली नाही. अरुणानं तोंडावर रुमाल दाबला होता.

"आरं, माझी बायकू हाय ती!" चनबसाप्पा अंधारात उभा राहून ओरडला. "ती वाजवतीया! हे कोण?"

मागून कुणीतरी म्हणालं, "खाली बसा की पावणं."

दानम्मा माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. तिच्या उजव्या हाताची बोटं तेवढी गुडघ्यावर सुराबरोबर दाबली जात होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "आण्णा, त्या ट्रम्पेटवाल्याच्या बोटांकडं बघा. एकबी बोट हलत न्हाय."

इंटरव्हलला आम्ही अंगणात आलो. दानम्मा सरळ टेम्पोकडं गेली, ट्रम्पेट काढलं, बाकीच्यांनीही आपापली वाद्यं घेतली. चहाच्या गाड्याभोवती गर्दी होती. तिथंच गोल करून त्यांनी गिरणीची चाल वाजवली, शेवटच्या मुरडीसकट. थेटराचा मॅनेजर ओरडत आला आणि ऐकत उभा राहिला. लोक कपबशा हातात धरून बघत होते. मला वाटलं, आता कळेल ह्यांना.

वाजवून झालं, आणि गर्दीतला एक भला माणूस मनापासून टाळ्या वाजवत म्हणाला, "आयला, कमाल हाय! आत्ता पडद्यावर ऐकली आणि लगीच उचलली! हुबेहूब!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. हुबेहूब, हुबेहूब.

शालूबाईनं गळ्यातला ढोल काढून खाली ठेवला. एवढी तोंडाची बाई, पण तिला एक शिवी सुचली नाही. दानम्मानं त्या माणसाकडं बघितलं. तो हसत होता, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. ते जास्त भयंकर होतं. उरलेला पिक्चर बघायला कुणी आत गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात चनबसाप्पा, दानम्मा आणि मी, तिघं त्या पिक्चरच्या व्यवस्थापकाला भेटलो. बाबा सभ्य होता, चहा मागवला.

"बाई, तुमचा शॉट सुंदर झाला होता," तो म्हणाला. "पण निर्माते म्हणाले, बघणाऱ्याला खरं वाटणार नाही. वरातीत बायका वाजवतात, असं कुठं असतं?"

"आमी असतोय की," दानम्मा म्हणाली.

"ते झालं. पण खरं वाटलं पाहिजे ना."

काहीतरी ऐकण्यात चूक झाली असावी तसं दानम्मानं त्याच्याकडं बघितलं. मग उठली. चहाला तिनं हात लावला नव्हता.

पिक्चर पडला, पण चाल गाजली. जिल्ह्यातला प्रत्येक बँड ती वाजवायला लागला. आणि लग्नघरची माणसं दानम्मालाच विचारायला लागली, "ती पिक्चरची चाल येती का हो तुमास्नी?" पहिल्यांदा असं कुणी विचारलं तेव्हा तिला ट्रम्पेट ओठाला लावता आलं नाही, अरुणानं क्लॅरोनेटवर ती वेळ निभावली. नंतर नंतर दानम्मा "येती" एवढंच म्हणायची.

दोन वर्षांनी एक गृहस्थ गिरणीत आले. हातात डबा नाही, दळण नाही. मिश्या बघूनच मी ओळखलं आणि दुकानातून धावत गेलो. पडद्यावरचा ट्रम्पेटवाला! दस्तगीर मास्तर त्यांचं नाव, शहरातल्या एका बँडचे मालक. दानम्मानं हातातलं सूप खाली ठेवलं.

"ताई, मी खरंच वाजवतो," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "पण त्या दिवशी सांगितलं, फुंकायचं न्हाय, नुसतं धरायचं. मागं कुणाचा आवाज हाय ते विचारलं, तर म्हणाले मुंबईचा. मलकापुरात परवा तुमचं वाजिवलेलं ऐकलं, शेवटची मुरड ऐकली, तवा कळलं. तवापासनं रात्री झोप न्हाय मला."

चनबसाप्पा तावातावानं पुढं झाला, पण मास्तरांचं संपलं नव्हतं. पिक्चरमधला बँड म्हणून त्यांना सुपाऱ्या मिळत होत्या. लोक चाल वाजवायला लावायचे, आणि शेवटची मुरड काही केल्या त्यांना जमत नव्हती. "लोकास्नी वाटतंय मी माजलोय, मुद्दाम वाजवत न्हाय. शिकवाल का?"

काय हा माणूस! मला वाटलं, दानम्मा त्याला हाकलून देणार. ती म्हणाली, "शिकवते. पण हितं न्हाय. माझ्या बायकांच्यात उभं राहून, वरातीत शिकायचं."

आणि मास्तर आले. त्या हंगामात बायकांच्या बँडमध्ये, दुसऱ्या रांगेत, मिशीवाला एकच बाप्या. कोट मीच शिवला, बायकांच्या कोटासारखाच. लोक गॅलऱ्यांतून वाकून बघायचे. कुणी विचारलं की मास्तर भर रस्त्यात मोठ्यानं सांगायचे, "चाल ह्या बाईंची हाय. पिक्चरात माझं तोंड हुतं, आवाज ह्यांचा." काहीजण विश्वास ठेवायचे. बरेच हसायचे. मुरड मास्तरांना हंगाम संपता संपता साधली, त्या दिवशी ते रडले. त्या एका वर्षी बँडला मोठ्या लग्नांच्या सुपाऱ्या आल्या, आणि मी मनात म्हटलं, आता ह्यांचे दिवस आले.

दिवस आले ते डॉल्बीचे. दोन हजार चार साली मलकापूरला एका लग्नात बँड निम्म्या वाटेवर होता, आणि नवऱ्याच्या मित्रांनी मागून डॉल्बीचा ट्रक आणला. पहिला ठोका पडला तशा दुकानांच्या काचा थरथरल्या. दानम्मा वाजवत होती, गाल फुगलेले, बोटं चाललेली. एकाएकी तिनं ट्रम्पेट खाली घेतलं, उलटं धरून आत बघितलं, पुन्हा ओठाला लावलं. मग माझ्या कानाशी येऊन ओरडली, "आण्णा, आवाज निघतोय का माझा?"

मला माहीत नव्हतं. तिच्यापासून हातभर अंतरावर होतो मी, आणि मला खरंच ऐकू आलं नव्हतं.

नवरीची आई तेवढी बाजूला येऊन आमच्या बायकांना काहीतरी सांगत होती, हात जोडून. वरात पुढं गेली. बायका एसटी स्टँडवर आल्या, कारण टेम्पो गर्दीत अडकला होता. कोल्हापूरच्या गाडीत गणवेशातल्या बायका बघून कंडक्टर म्हणाला, "वाजवा की काहीतरी." शालूबाईनं त्याला तिकिटं फाडायला सांगितलं. दानम्मा खिडकीला डोकं टेकून बसली होती, डोळे उघडे.

त्यानंतर दोन हंगाम बँड कसाबसा चालला. मग अरुणाच्या सासरच्यांनी पुण्याला बिऱ्हाड हलवलं. दस्तगीर मास्तर इचलकरंजीला लेकाकडं गेले. बारा-तेरा वर्षं ह्या बायकांनी वाजवलं, आणि त्यांच्या नावानं एक कॅसेट निघाली नाही, की लग्नाच्या व्हिडिओत कुणी त्यांचा आवाज ठेवला नाही. व्हिडिओवाले वरून फिल्मी गाणी घालायचे. हे मला उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा मी मशीनवरून उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

मागच्या महिन्यात दानम्माला विचारलं, वाईट वाटतं का. ती चाळण झटकत म्हणाली, "वाटतं की. मला फुडं अजून दोन चाली बांधायच्या हुत्या."

कुठल्या, ते विचारायचं मला सुचलं नाही. गिऱ्हाईक आलं, आणि ती आत गेली.