दादाचं ‘वा, वा’

आज दुपारी शेजारच्या तमिळ काकूंकडे टीव्हीवर हत्तीचा जुना तमिळ सिनेमा लागला होता. नायक हत्तीला “वा, वा” म्हणाला. मी म्हटलं, “शाबासकी देतोय.”

काकू हसल्या. “अहो, आमच्यात वा म्हणजे ये!”

मी तसाच उठून घरी आलो.

चौऱ्याहत्तर साली सीताबर्डीत असाच सिनेमा पाहताना सगळ्यांनी ‘वा, वा’वर टाळ्या वाजवल्या होत्या. उमरेडच्या खाणीत तमिळ कामगारांसोबत काम करणारा माझा दादा तेवढा हसला होता. “टाळ्या काहून वाजवून राहिला गा?”

त्याच महिन्यात दादा तापाने गेला. शेवटच्या दुपारी तो दाराकडे पाहून “वा, वा” म्हणत होता. सिनेमा आठवला असेल, असं समजून मी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, दारात कोणीच नव्हतं. मग दादा कोणाला बोलावत होता?