एकसष्ट देवसिंग

बबिताताई वैतागली की "बरं" म्हणते. थोडी वैतागली असेल तर आखूड. फार वैतागली असेल तर इतकं लांब, की तेवढ्यात पुसदची एसटी येऊन निघूनही जाते. पुसदला तिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गेला महिनाभर तिच्या तोंडून सगळी लांबच ऐकली.

कारण तिची सोयरिकी जुळवायची वेबसाइट. मागच्या वर्षी आमच्या तांड्यातल्या लग्नाच्या पोरींचे फोटो मोबाइलच्या ग्रुपवर टाकले, तर ते भलत्याच गावच्या पोरांच्या फोनात निघाले. तेव्हापासून आयांनी फोटो देणंच बंद केलं. ताईनं घरोघरी जाऊन शब्द दिला: सभासदालाच दिसेल आणि प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. हंसायाडी, अंजूची याडी म्हणजे आई, हिनं लेकीचा फोटो दिला तो बोट रोखून. "रविवारच्या बैठकीत पाहतो मी. नाही जमलं तं फोटो वापस."

राठोडाची सोयरीक राठोडात होत नाही, पवाराची पवारात नाही, ती भावंडं. म्हणून राठोड आत शिरला की त्याला राठोड सोडून बाकीचे दिसतील, अशी सोय ताईनं केली. तीन आठवडे त्यातच गेले. एका घरात एकच फोन असतो, म्हणून एका नंबरावर कितीही नावं चालतील, हेही तिनंच ठेवलं.

स्थळांचे फोटो ताईनं स्वतः चढवले; ते पाहणाऱ्या सभासदांची नोंदणी तांड्याचे नाईक देवसिंग राठोड यांनी अंगावर घेतली. नाईक बोलताना दोनदा खाकरतात. दुसऱ्यांदा खाकरले की ठरलं. शनिवारी ताईनं यादी उघडली. सभासद एकसष्ट. एकसष्टही देवसिंग राठोड. नंबर एक, पासवर्ड एक, आणि तो कोणी विसरू नये म्हणून देवळाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला.

"नाईकबापू, हे काय केलं?"

एकदा खाकरणं. "काहून? सोयरिकीचं बोलणं तांड्यात कोणाच्या नावानं होते? नाईकाच्या." दुसऱ्यांदा खाकरणं.

"पण मशीनले वाटते सगळा तांडा राठोड हाय."

"मंग समजावून सांग ना त्याले. तू शिकेल हायस."

ताई "बरं" म्हणाली. एसटी येऊन गेली.

रविवारी बैठकीत हंसायाडीनं ताईचा फोन हातात घेतला. घर पवाराचं, पण मशीनच्या लेखी राठोड. पहिलंच स्थळ निघालं तिच्या दिराच्या पोराचं, ओमचं.

"हा तं अंजूचा भाऊ होय," याडी म्हणाली. "सकाळी माह्याच घरी चहा पिऊन गेला."

बैठक हसली. याडी हसली नाही. "फोटो दे वापस."

ताईनं तिथंच, नाईकांसमोर, एकसष्ट देवसिंग पुसून टाकले. "बापू, बोलणी तुमच्याच नावानं होऊ द्या. पण फोटो पाहाले येईन तो आपल्या नावानं येईन. तुम्ही हो म्हणसान तवाच त्याले दिसन."

नाईक एकदा खाकरले. अख्खी बैठक दुसऱ्या खाकरण्याची वाट पाहत बसली. बऱ्याच वेळानं तेही आलं.

हंसायाडीनं स्वतःचा फोन काढला. नाव हंसाबाई पवार. ताई मदतीला वाकली. "पासवर्ड काय ठेवू, याडी?"

याडीनं फोन ओढणीखाली घेतला. "तुले कायले सांगू?"

"बरं," ताई म्हणाली. इतकं आखूड, की नीट ऐकूही आलं नाही.