टाचणी

जपानमधल्या कानाझावाच्या तोमोएबाईंनी उभी हयात फुलांची रचना शिकवण्यात घालवली. कॅमेलियाचं फूल पाकळी-पाकळी गळत नाही, अख्खंच्या अख्खं सुटून पडतं. नवख्या मुली ते उचलून पुन्हा खोवायला धावल्या की बाई डाफरायच्या, "राहू दे तिथंच. पडणं हीसुद्धा रचनाच आहे."

यंदा प्रदर्शनात कॅमेलिया खोवताना बाईंचा हात चुकला आणि फूल देठापाशी सैल झालं. शेजारीच त्यांच्या जुन्या शिष्येची, शिझूची फुलदाणी होती, तिच्यातही कॅमेलियाच. शिझूसमोर आपलं फूल आधी पडणार, हे काही बाईंना सोसवेना. कुणी बघत नाहीसं पाहून त्यांनी देठात टाचणी खुपसली.

शेवटच्या दिवशी शिझूचं फूल पडलं. लोक थबकून, वाकून ते पडलेलं फूल बघू लागले. बाईंचं कडेनं तपकिरी झालं, तरी जागचं हललं नाही.

संध्याकाळी शिझू जवळ आली. टाचणीचं डोकं दिव्यात चमकत होतं.

"बाई, दमला असाल. मी आवरू का?" तिनं हळूच विचारलं.

"नको. माझं मी काढते."

बाईंची मान वर होईना. त्यांनी टाचणी उपसली, तसं फूल त्यांच्या पायाशी पडलं. शिझूनं ते उचललं नाही. बाईंनीच तिला तसं शिकवलं होतं.