शेवटच्या इनिंगचा माणूस

कॅनडातल्या विंडसरला राहायला गेलो तेव्हा मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शिकवलं शेजारच्या म्हाताऱ्याने. तो मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेला, पोर्चमध्ये रेडिओ लावून नदीपलीकडच्या डेट्रॉइटच्या मॅचेस ऐकायचा. मी शेजारी खुर्ची टाकून बसू लागलो आणि दोन उन्हाळ्यांत स्वतःला जाणकार समजायला लागलो.

माझा लाडका खेळाडू होता एक रिलीफ पिचर. म्हणजे मूळ पिचर, चेंडू टाकणारा, दमला की शेवटची एखाद-दुसरी इनिंग टाकायला येणारा. पंगत बसल्यावर उगवणाऱ्या पाहुण्यासारखा रमतगमत यायचा, पंधरा मिनिटं काम करायचा आणि टाळ्या घेऊन जायचा. मला तो फार जवळचा वाटे.

"ठीकठाक आहे," म्हातारा म्हणायचा. ते मला झोंबायचं.

शेवटी एका शरद ऋतूत पैज लागली. पिचरने नऊ इनिंगमागे सरासरी किती धावा दिल्या, असा एक आकडा असतो. जितका कमी तितका चांगला. "त्याची आख्ख्या करिअरची सरासरी त्याच्या जोडीच्या नऊ जणांशी ताडून बघ," म्हातारा म्हणाला. "पहिल्या तिघांत आला तर हा विंटर तुझ्या घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ मी शोव्हल करीन. नाही आला तर दोन्ही ड्राइव्हवे तू. पण स्वतः."

'स्वतः' तो दोनदा म्हणाला. मी लक्ष दिलं नाही.

ऑफिसात मी गाड्यांच्या सीटचे टेस्ट रिपोर्ट तयार करायचो. गिऱ्हाइकाला कुठली तुलना दाखवायची आणि कुठली नाही, यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. मी नऊ जण शोधून काढले, रंगीत तक्ता केला. माझा गडी पहिला आला.

म्हाताऱ्याने चष्मा पुसला. "यातले सहा जण पहिल्या इनिंगपासून टाकणारे आहेत. दमलेल्यांशी ताज्या माणसाची तुलना?" त्याने सहा नावं खोडली आणि सहा रिलीफ पिचर लिहिले. कॉम्प्युटरवर त्यांचे आकडे काढले. माझा गडी सहावा आला.

तेवढ्यात बायको त्याच्यासाठी दिवाळीच्या चकल्या घेऊन आली. म्हातारा तिला समजावू लागला, "सहावा नंबर हीसुद्धा मेहेरबानीच. तो येतो तेव्हा कधीकधी आधीच्या पिचरने सोडलेले रनर, म्हणजे अर्धी धाव काढलेले समोरचे खेळाडू, बेसवर उभे असतात. याच्या वेळी ते धाव पुरी करून घरी पोचले, तरी त्या धावा आधीच्याच्या नावावर चढतात. हा कोराच."

बायको माझ्याकडे वळली. "अरे, हा तर तूच. पार्टीसाठी मी दोन दिवस राबते, तू शेवटी येऊन चहा करतोस आणि सगळे म्हणतात, हजबंड किती हेल्पफुल! भाजीत मीठ कमी पडलं तर ते माझ्या नावावर." मग तिने तेच म्हाताऱ्याला इंग्रजीत सांगितलं, जरा तिखटमीठ लावून.

मीही हसलो. "ठीक आहे, दोन्ही ड्राइव्हवे आमच्याकडे," मी म्हणालो. "आम्ही करू."

"आम्ही नाही, तू," म्हातारा म्हणाला. "दोन विंटर मी खिडकीतून बघतोय. सगळा बर्फ ही काढते. तू शेवटी येतोस, गाडीची काच खरवडतोस आणि मला हात करतोस."

मला खरोखर लाज वाटली. त्याला पिचरशी काही देणंघेणं नव्हतंच. दोन उन्हाळे तो माझीच सरासरी काढत बसला होता.

पहिला बर्फ चांगला गुडघाभर पडला. मी सकाळी त्याचा ड्राइव्हवे साफ केला, मग आमचा. कंबर मोडून गेली. शेवटचं फावडं मारतोय तोच बायको कॉफीचा मग घेऊन बाहेर आली, गाडीची काच दोनदा खरवडली आणि खिडकीतल्या म्हाताऱ्याला ऐटीत हात केला.

त्याने टाळ्या वाजवल्या.