पाटीवरची बटणं

सुनंदाबाईंना ‘कॉम्प्युटरबाई’ हे नाव मीच पाडलं. आधी कबूल करून टाकतो.

शहाऐंशी साली, मी शिकवायचो त्या सावद्याच्या शाळेत सरकारी योजनेतून कॉम्प्युटर आला. गणिताच्या सुनंदाबाई तो शिकवायचं शिकायला तीन आठवडे पुण्याला जाऊन आल्या. येऊन बघतात तर हेडसरांनी यंत्र कपाटात कुलूपबंद केलेलं! “बिघडलं तर वर काय जबाब देऊ?” घ्या!

मग बाईंनी पोरांच्या पाट्यांवर खडूनं बटणं आखली. नववीची पोरं पाटीवर बोटं आपटत बसायची. मी खिडकीतून ओरडायचो, “काय बाई, भजन करू राहिल्या का?” सगळी स्टाफरूम हसायची. बाई डबा घेऊन रिकाम्या वर्गात जायच्या. बारा वर्षं त्या एकट्या जेवल्या आणि मला नालायकाला एकदाही लाज वाटली नाही.

कपाट उघडायचं फक्त दसऱ्याला. पूजेचा मान माझा. हळद-कुंकू, अक्षता, वर नारळाचं पाणी, सगळं सढळ हातानं बटणांवर.

“जीवराम सर, बटणांवर नको हो,” बाई दरवर्षी सांगायच्या.

“अहो, सरस्वती आहे ती!” मी म्हणायचो.

दरवर्षी त्या अर्जही द्यायच्या, पोरांना एकदा तरी खरं बटण दाबू द्या म्हणून. अर्ज फायलीत जायचा.

अठ्ठ्याण्णवला बाई निवृत्त झाल्या. निरोपाला म्हणाल्या, “साडी-नारळ नको. कपाट उघडा.” नव्या हेडसरांना नाही म्हणवेना.

कॉम्प्युटरचा पडदा उजळला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नववीतली पुष्पा पुढे झाली, पाटीवर तिचं बोट कधी चुकायचं नाही. तिनं एक बटण दाबलं. दबेना. दुसरं दाबलं. तेही दबेना. बारा दसऱ्यांचं कुंकू खाली दगडासारखं बसलेलं.

“बाई, माझं काही चुकलं का?” पोरगी रडकुंडीला आली.

“नाही गं माय, तुझं नाही,” बाई म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

सगळे जेवायला गेले. बाई केसातली पिन काढून एकेका बटणाखालचं कुंकू खरवडत बसल्या. मी दारातच उभा. शेवटी धीर करून म्हटलं, “बाई, मी बसू का तुमच्यासोबत?”

“नको सर, तुमचं जेवण निवेल,” मान वर न करता त्या म्हणाल्या. “मला सवय आहे.”