नाव, गाव आणि मालकांचं नाव

नर्स रक्ताची पिशवी मला लावणार, तोच शिरूरच्या दवाखान्यातला कॉम्प्युटरवाला धापा टाकत आला. “थांबा, हे रगत दुसरीचं हाय.”

त्यानं प्रोग्राममध्ये नुसत्या नावावर कप्पे केले होते. सणसवाडीची माझ्याच नावाची बाई दाखल झाली आणि तिचा रक्तगट माझ्या कप्प्यात जाऊन बसला. चष्मा पुसल्याशिवाय हा माणूस वेळसुद्धा सांगायचा नाही. आताही पुसत म्हणाला, “नाव, गाव आन् नवऱ्याचं नाव, तिन्ही जुळलं तरच कप्पा उघडंल असं करतो. मावशी, मालकांचं नाव काय?”

“जन्मात घेतलं न्हाई.”

“मी ऐकत न्हाई. नर्सबाईंना सांगा.”

आणि त्या शहाण्यानं खरंच कान झाकले. मी नाव घेतलं, नर्सनं लिहिलं, माझी पिशवी आली.

सणसवाडीची बाई आणि मी, दोघीही वाचलो.