आत्या आणि बंद पेटी

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, अमडापूरला आले, तेव्हा माझ्या आधीच संग्रामपूरहून आत्या येऊन बसली होती. आल्या आल्या तिनं माझं पोट बघून मुलगाच होणार असं जाहीर केलं, पपईचं नाव काढायची बंदी घातली, आणि छातीत जळजळतं म्हणाले तर खूश झाली, की बाळाला जावळ भरपूर असणार. मी कपाळावर हात मारून घ्यायची. मी बी.ए. झालेली, मला सगळं ठाऊक!

पण तिला उलट बोलायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. तिचं पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं. कळा सुरू झाल्या की घरातलं प्रत्येक कुलूप, पेटी, डबा उघडायचा, म्हणजे बाई सुखरूप मोकळी होते, असा आमच्याकडचा समज. तिच्या वेळी गोठ्याचं कुलूप तसंच राहून गेलं, आणि ते लावलं होतं तिनंच. सासूनं मरेपर्यंत तिला ते ऐकवलं. तेव्हापासून नात्यात कोणाच्याही पोटात कळ उठली, की आत्या किल्ल्यांचा जुडगा मागत हजर व्हायची.

त्या दिवशी सकाळपासून माझी कंबर दुखत होती. दुखायचं, थांबायचं, परत दुखायचं. मालिकांमध्ये बाईचं आधी पाणी जातं, मग ती किंचाळते आणि दोन मिनिटांत बाळ रडतं. माझं पाणी काही गेलं नव्हतं, म्हणून मी ठरवलं की रात्रीचं वांगं बाधलं. ओवा चावत बसले. वा रे शहाणी! आईचं म्हणणं, पहिलटकरणीला दिवस-रात्र लागतेच, घाई कशाला. दुपारी कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या तेव्हा कुठे तिनं चिखलीच्या दवाखान्यात जायला शेजारच्या काकांना जीप काढायला सांगितलं.

इकडे आत्या कामाला लागली. कपाट, कोठी, मिठाची बरणी, तिखटाचा डबा, फ्रिजचं दार, सगळं सताड उघडं. माझी वेणीसुद्धा सोडली. राहिली माझ्या भावाची लोखंडी पेटी. भाऊ पुण्याला, किल्ली त्याच्या खिशात. फोन केला तर म्हणे, फोडा. आत्या खलबत्त्यातला बत्ता घेऊन बसली, पण कुलूप ढिम्म हलेना. आई जीपजवळून हाका मारतेय, मी दाराची चौकट धरून उभी, आणि आत्या उठायलाच तयार नाही. मला तिची कीव आली आणि रागही असा आला की विचारू नका.

"आत्या, तुले यायचं असन तर ये. मी चालली चिखलीले."

आली. पण पेटी घेऊन! माझ्या पायाशी पेटी, तिच्या हातात बत्ता, आणि रस्ताभर ठोकाठोक. कळ आली की मी ओरडायची, कळ ओसरली की मला हसू फुटायचं. आईनं तर तोंडावर पदरच ओढून घेतला.

दवाखान्यात पोचलो आणि अर्ध्या तासात मुलगी झाली. पाणी शेवटी डॉक्टरीणबाईंनीच फोडलं. जावळ म्हणाल तर नावाला चार केस. पेटी बाहेर बाकड्याखाली, कुलपासकट.

आत्या आत आली. तिनं बाळाची बोटं मोजली, नाकाशी कान नेऊन श्वास ऐकला. मग माझ्या कॉटच्या कडेला बसली आणि अगदी हळू विचारलं,

"म्हंजे ते माह्या हातानं नव्हतं झालं ना व?"

"नाही आत्या. कुलपानं काई होत नसते."

ती ढसाढसा रडायला लागली. तेवढ्यात नर्स आली आणि पोरगी झाली म्हणून रडता काय, शरम नाही वाटत, असं तिला चांगलंच झाडलं. कोणाचं कधी ऐकून न घेणारी माझी आत्या, एका शब्दानंही उलटली नाही. डोळे पुसले, मांडी घातली आणि बाळासाठी दोन्ही हात पुढे केले.